नवी हार्ड डिस्क दिसत नाही? या चुका टाळा

डिस्क बसवली, 'धिस पीसी' उघडलं, काही दिसलं नाही, की लोक थेट दुकान गाठतात: "काका, डिस्क डेड निघाली, बदलून द्या." थांबा. आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारी सेटिंग) जा आणि तिथे डिस्कचं नाव येतंय का ते बघा. येत असेल तर केबलला हात लावू नका, काम विंडोजमध्ये आहे. येत नसेल तर विंडोजमध्ये तासभर शोधून काही मिळणार नाही, कॅबिनेट उघडा. एवढं केलं तरी निम्मी धावपळ वाचते, पण कोणाला तेवढा धीर नसतो.

बहुतेक डिस्क धडधाकटच असतात. कोऱ्या डिस्कवर पार्टिशन (फाइली ठेवायला आखलेला भाग) नसतं, म्हणून ती 'धिस पीसी'मध्ये येत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'नॉट इनिशिअलाइज्ड' लिहिलेली डिस्क इनिशिअलाइज (वापरासाठी तयार) करा आणि जीपीटी निवडा. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायच्या नव्या आणि जुन्या पद्धती. जुना व्हिडिओ बघून एमबीआर निवडलीत तर 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. 4 टीबीचे पैसे मोजून निम्मी डिस्क पडून राहते. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', झालं.

हे फक्त कोऱ्या डिस्कसाठी. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली, फोटोंनी भरलेली डिस्क लावली आणि विंडोजने इनिशिअलाइज किंवा फॉरमॅट करायला सांगितलं, तर कॅन्सल करा. घाईघाईत ओके दाबून मग लग्नाचे फोटो परत मागायला येणारे बघवत नाहीत.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'हेल्दी' आहे, पण 'धिस पीसी'मध्ये नाही? राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर (D:, E: असं अक्षर) द्या. 'ऑफलाइन' आहे? राइट क्लिक करून ऑनलाइन करा. एम.2 डिस्क (मदरबोर्डवर थेट बसणारी छोटी पट्टी) बसवल्यावर जुनी साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क गायब झाली? बऱ्याच मदरबोर्डांवर एम.2 वापरलं की एखाददुसरा साटा पोर्ट बंद होतो. मॅन्युअल वाचा, पोर्ट बदला. आणि साटा प्रकारची एम.2 डिस्क फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) चालणाऱ्या स्लॉटमध्ये दिसणारच नाही, कितीही वेळा काढून घाला.

आता केबल. इंजिनिअरिंगचा एक मुलगा दोन डिस्क घेऊन आला, एक नवी आणि एक वडिलांच्या दुकानाचे हिशेब असलेली. दोन्ही बायोसमध्ये नाहीत. मोटर फिरत नव्हती, डिस्कच्या सर्किट बोर्डाला नाक लावलं तर करपट वास. त्याने एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) नवा घेतला होता, पण कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या जुन्या केबली सोडायचा कंटाळा केला आणि त्याच नव्यात खोचल्या. मॉड्युलर केबलचं (एसएमपीएसपासून सुटी काढता येणारी) डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र ठरलेलं प्रमाण नाही. प्लग चपखल बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट गेले आणि दोन्ही बोर्ड जळले. नवीच्या वॉरंटीपेक्षा वडिलांना काय सांगायचं याची त्याला चिंता होती. डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवण्याशिवाय माझ्याकडे उपाय नव्हता.

म्हणून एसएमपीएस बदलला की केबली त्याच्याच बॉक्समधल्या लावा. मी जुन्या केबली त्याच दिवशी जुन्या एसएमपीएसला टेपने बांधून ठेवतो, सुट्या ड्रॉवरमध्ये टाकत नाही.