मेंबरशिप घेतली, आता सरकारी ऑर्डर कशी मिळवायची? एससी-एसटी उद्योजकांसाठी

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई, डिक्कीची मेंबरशिप घेतली, आता पुढे काय करू? डिक्की म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात सुरू केलेली आपल्या उद्योजकांची संघटना. मी भोसरीत प्रेस शॉप चालवते, शीटमेटलचे ब्रॅकेट, पॅनल, कव्हर असलं काम, आणि सरकारी कंपन्यांना माल द्यायला लागून आता बरीच वर्षं झाली. फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी दोन सल्ले डोक्यातून काढून टाका. एक म्हणजे "कार्ड वाटा, ओळखी वाढवा, कामं आपोआप येतील". ओळखीने फार तर चहा मिळतो, परचेस ऑर्डर रेटवर आणि कागदावर निघते. आणि दुसरा, "एससी सर्टिफिकेट आहे ना, मग तुझी ऑर्डर राखीवच आहे". तसं अजिबात नाही. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात केंद्रीय मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली २५% सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असं आहे (सुरुवातीला २०% होती), त्यात ४% एससी-एसटी मालकांच्या उद्योगांकडून आणि ३% महिलांच्या उद्योगांकडून. पण त्याच आदेशात पुढे असंही आहे की एससी-एसटी उद्योग टेंडरला आलेच नाहीत, किंवा अटी आणि सर्वात कमी भाव त्यांना जमला नाही, तर ते ४% बाकीच्या लघुउद्योगांकडून भरून काढायचे. म्हणजे आपण हजर नसलो की आपला वाटा दुसऱ्याच्या ताटात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवाकालव झाली, आणि आजही चांगलं मशीन, चांगला हात असलेली आपली पोरं टेंडरच भरत नाहीत हे बघितलं की तसंच होतं.

कागद

उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी, जात प्रमाणपत्र हे असणारच, ते कसं काढायचं ते मी सांगत बसत नाही. फक्त उद्यम सर्टिफिकेटवर सोशल कॅटेगरी बरोबर आहे ना ते आजच उघडून बघा, कारण पुढे सगळीकडे तीच धरतात. प्रोप्रायटरशिप असेल तर प्रोप्रायटर एससी-एसटी हवा, पार्टनरशिप किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान ५१% हिस्सा आपल्या लोकांचा हवा. बायकांनी एक जास्तीचं बघायचं, जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं आणि पॅन सासरच्या नावाचं असतं, तेव्हा लग्नाचा दाखला किंवा गॅझेट सोबत जोडून एकच पीडीएफ करून ठेवा. मला एकदा याच कारणाने बाहेर काढलं होतं, माल, रेट सगळं ठीक असताना.

आणि हो, हे धोरण माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, ट्रेडरला हा फायदा मिळत नाही. उद्यममध्ये ट्रेडरची नोंदणी होते पण ती प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती.

कुणी येऊन म्हणालं की "नाव तुमचं लावू, काम आम्ही करतो, तुम्हाला दोन टक्के देतो", तर त्याला दारातूनच परत पाठवा. मी या बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाही, घरातल्यांचंही. पकडलं गेलं तर ब्लॅकलिस्ट तुमची फर्म होते, आणि नाही पकडलं तरी तुमच्या नावावर दुसऱ्याचं शॉप मोठं होतं, तुमच्या मशीनवर एक नग बनत नाही.

नेटवर्कमध्ये काय मागायचं

मीटिंगला एका पानाचं प्रोफाइल घेऊन जा. त्यात प्रेस किती टनाचा, शीट किती मिमी जाडीपर्यंत, कुठलं प्लेटिंग बाहेरून करून घेता, महिन्याला किती नग निघतात, आजवर कुणाला माल दिला एवढंच. "सर्व प्रकारचं फॅब्रिकेशन करून मिळेल" असं लिहिलेलं प्रोफाइल मी बाजूला ठेवते कारण त्यावरून मला कुणाला तुमचं नाव सुचवताच येत नाही.

सभेत मोठ्या कंपनीचा परचेस ऑफिसर आला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. त्याच्याशी दोन मिनिटं बोला, प्रोफाइल द्या, आणि उरलेला वेळ त्या कंपनीला आधीच माल देणाऱ्या मेंबरपाशी बसा. बिल किती दिवसांत निघतं, इन्स्पेक्शन कुठे होतं, कुणी यायला किती दिवस लावतं, रिजेक्शन कशावरून करतात, ही माहिती टेंडरच्या कागदात कुठेच नसते. मेंबरशिपचे पैसे मी फक्त एवढ्यासाठी भरते म्हटलं तरी चालेल. कुठली सरकारी कंपनी एससी-एसटी उद्योगांकडून खरंच किती घेते ते एमएसएमई संबंध पोर्टलवर दिसतं, ते घरून बघून जा म्हणजे प्रश्न नेमके विचारता येतात.

जेम

जेम म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल. तिथे प्रोफाइल भरा, उद्यम जोडा, बिड (टेंडर) उघडल्यावर "एमएसई पर्चेस प्रेफरन्स" (सूक्ष्म-लघु उद्योगांना खरेदीत प्राधान्य) पुढे यस आहे का बघा. ईएमडी, म्हणजे टेंडर भरतानाची अनामत, माफ असते, पण ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट करण्याची अनामत, माफ नसते, ती धरून चाला. झालं.

भाव जुळवणं, इथे नीट वाचा

आता जिथे मी स्वतः आपटले ते. नियम ऐकायला गोड आहे. सर्वात कमी भाव, म्हणजे एल-वन, जर लघुउद्योगाबाहेरच्या कुणाचा असेल आणि तुमचा भाव त्याच्या १५% च्या आत असेल, तर तुम्हाला विचारतात की एल-वनच्या भावाला द्याल का. हो म्हटलं तर एकूण मालाच्या २५% पर्यंतची ऑर्डर तुम्हाला मिळू शकते (तुमच्यासारखे दोन-तीन असले की ती तुमच्यात वाटली जाते, आणि माल विभागता येण्यासारखा नसेल तर पूर्ण ऑर्डरही देता येते). एल-वनच लघुउद्योग असेल तर हा प्रश्नच येत नाही.

एका सरकारी कंपनीचं ८,००० ब्रॅकेटचं टेंडर होतं. माझा भाव ४६० रुपये नग, एल-वन एका मोठ्या कंपनीचा ४१२. चारशे बाराचे १५% वर धरले तर ४७३ रुपये ८० पैसे, म्हणजे मी आत बसत होते. मेल आला आणि मी अर्ध्या तासात लेटरहेडवर हो लिहून पाठवलं, नवऱ्यालाही आधी विचारलं नाही, इतका आनंद झाला होता. २,००० नगांची ऑर्डर आली. सरकारी कंपनीची पहिली ऑर्डर, मी प्रिंट काढून ऑफिसच्या भिंतीला चिकटवली.

मग पुढच्या मीटिंगला आमच्यातले एक काका, ज्यांनी आयुष्यभर डाय (प्रेसवर पत्र्याला आकार देणारे साचे) बनवल्यात, त्यांनी ऑर्डर बघितली आणि एकच विचारलं, "पोरी, डायचा खर्च किती नगांवर टाकलास?"

आठ हजारांवर. डाय आणि वेल्डिंग फिक्स्चर (वेल्डिंग करताना नग धरून ठेवणारं साधन) मिळून १,२०,००० रुपये होते, आठ हजार नगांवर ते नगाला १५ रुपये पडत होते. पत्रा, प्रेस, वेल्डिंग, प्लेटिंग, पॅकिंग, वाहतूक धरून ३७२. म्हणजे ३८७ ला नग तयार, ४१२ ला दिला तरी २५ रुपये सुटतात, असा माझा हिशोब. पण ऑर्डर तर दोन हजारांचीच आली ना! दोन हजारांवर तेच १,२०,००० म्हणजे नगाला ६० रुपये. ३७२ आणि ६० झाले ४३२, आणि मी लिहून दिलेत ४१२. प्रत्येक नगाला वीस रुपये घरातून. काकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला, काही बोलले नाहीत. चाळीस हजार. आणि हे टेम्पो अर्धा रिकामा जाणार आणि पत्रा कमी घेतला म्हणून महाग पडणार ते न धरता.

ऑर्डर सोडून देता येत नव्हती, दिलेला शब्द मोडला की पुढच्या टेंडरचं दार बंद होतं. तोटा खाऊन माल दिला.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की टेंडर भरायच्या आधीच दोन भाव काढायचे. एक पूर्ण मालाचा, तो टेंडरमध्ये भरायचा. दुसरा पाव मालाचा, टूलिंग (डाय-फिक्स्चरचा खर्च), सेटिंग, वाहतूक सगळं पाव नगांवर टाकून, आणि त्याच्याखाली काहीही झालं तरी उतरायचं नाही. हा दुसरा आकडा वहीत लिहा, तारीख टाका, खाली सही करा, आणि भाव जुळवायचा मेल आला की आधी वही उघडा. मेल आल्यावर हिशोब करायला बसलात तर ऑर्डरच्या मोहापायी आकडे आपोआप कमी दिसायला लागतात, हे मी भोगलंय. काही जण सांगतात पहिल्या ऑर्डरला तोटा सोसायचा, नाव होतं. नाही होत. परचेसच्या माणसाला फक्त एवढं कळतं की तुम्हाला ४१२ परवडतं, पुढच्या वेळी तो तिथूनच खाली ओढतो.

दुसरं, प्री-बिडमध्ये, म्हणजे टेंडर भरायच्या आधी शंका विचारायच्या टप्प्यात, लेखी विचारा की माल विभागणार आहात का आणि विभागला तर डिलिव्हरीचं वेळापत्रक काय. मला दोन हजार नग तीन लॉटमध्ये द्यायचे होते, तीन वेळा इन्स्पेक्शन, तीन वेळा गाडी.

तिसरं, आणि नेटवर्क खरं इथे कामाला येतं, पाव मालाचा भाव एकट्याने खाली येत नाही. त्या प्रकारानंतर आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं, पत्रा एकत्र घ्यायचा, डाय-फिक्स्चरची एक यादी करायची आणि ज्याला लागेल त्याने भाड्याने न्यायची. चाकणला माल जायचा असेल तर एकाच टेम्पोत दोघांचा जातो. प्लेटिंगवाल्यालाही आम्ही मिळून भाव बोलतो. माझं तेच ब्रॅकेटचं फिक्स्चर नंतर दोन जणांनी वापरलं, त्यांना पहिल्या दिवसापासून टूलिंगचा भार नव्हता, त्यामुळे तसल्याच भावात त्यांना परवडलं. यासाठी मात्र आपली कॉस्ट शीट समोरच्यापुढे उघडी ठेवावी लागते आणि बरेच जण तिथेच मागे हटतात, की हा माझा भाव फोडेल. एक नियम ठेवा, एकाच टेंडरला दोघं भरणार असाल तर त्या टेंडरच्या भावाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, ते संगनमत धरलं जातं आणि ते चूकच आहे. आणि बिड भरताना कुठल्याही कारणाने आकडा ग्रुपवर टाकायचा नाही. बाकी वेळी उघडं बोला.

माल दिल्यावर

केंद्र सरकारच्या नॅशनल एससी-एसटी हबच्या योजना बघा, टेस्टिंग फी आणि बँक गॅरंटीचा खर्च परत मिळवायच्या योजना तिथे आहेत, अटी चालू वर्षाच्या वाचा.

पैशांचं असं आहे की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. मोठ्या खरेदीदाराचं बिल असेल तर ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांच्या बिलांवर आधी पैसे देणाऱ्या ऑनलाइन पोर्टलवर टाकायला सांगा, जसं आरएक्सआयएल, एम-वन-एक्सचेंज किंवा इनव्हॉइसमार्ट, तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका बोली लावतात आणि आपल्याला पैसे लवकर सुटतात. पण दिवस मोजायला कधीपासून सुरुवात होते यावर सगळं अडतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. म्हणून गाडीबरोबर ड्रायव्हरला नुसतं पाठवू नका, त्याला सांगा की स्टोअरचा शिक्का, सही आणि तारीख, तिन्ही चलनवर घेतल्याशिवाय गेटबाहेर यायचं नाही. आमचा ड्रायव्हर आता चलनचा फोटो काढून मला पाठवतो, आणि तारीख पुसट आली असेल तर मी त्याला तिथूनच परत आत पाठवते.