नस सरकवा, मग पकड सैल करायला शिका

निपाणीत माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच जणी विडी वळतात. तक्रार ठरलेली असते: "मॅडम, बोटांत मुंग्या यायल्यात, पान हातातनं निसटायलंय." हातातली ताकद गेली असं समजून त्या घरी रबरी चेंडू दाबत बसतात. मावशी, तो चेंडू आधी बाजूला ठेवा.

वस्तू किती दाबून धरायची हे बोटांची टोकं ठरवतात. वस्तू जराशी घसरली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकड आपसूक घट्ट होते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) जातात आणि त्यांच्याच सोबत मीडियन नस. ती दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर पडते. कळत नाही म्हणून माणूस उगाच जोरात दाबतो. पान फाटतं, हात लवकर भरून येतो आणि तरीही कप सुटायचा तो सुटतोच. मुंग्या करंगळीत असतील तर दुखणं दुसऱ्या नसेचं, बहुधा कोपरापाशी. खालचा व्यायाम त्यासाठी नाही.

नस ताणायची नाही, सरकवायची. लेंग्याच्या नाडीचं एक टोक ओढताना दुसरं सैल सोडलं तर ती नेफ्यात सरकते, दोन्ही ओढली तर नुसती आवळते. कॉपिएटर्स आणि बटलर या संशोधकांनी २००८ साली मृतदेहांच्या हातांवर हेच मोजलं. सरकवताना मनगटापाशी नस १२.६ मिलिमीटर हलली, ताणताना ६.१.

मांडीवरचं विडीचं सूप खाली ठेवून ताठ बसा. हात बाजूला, खांद्याच्या जरा खाली, तळवा वर. आता कोपर वाकवा आणि त्याच वेळी मनगट मागे वळवा, म्हणजे तळवा आढ्याकडे आणि बोटं बाहेरच्या बाजूला. मग कोपर सरळ करत जा, तसतशी बोटं वर आढ्याकडे वळू द्या. दोन्ही हालचाली एकदम झाल्या पाहिजेत, इथेच सगळ्या चुकतात. आधी कोपर आणि मागून मनगट असं केलं तर काही उपयोग नाही. मान सरळ, श्वास चालू. सावकाश १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. हलकी ओढ जाणवली तर चालेल, पण थांबल्यावरही मुंग्या राहिल्या तर पुढच्या वेळी हालचाल निम्मी करा. जास्त केल्यानं लवकर बरं होत नाही, उलट नस चिडते.

लगेच पकडीचा सराव. स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी घ्या, खाली परात ठेवा. अंगठा आणि दोन बोटांनी पेला किंचित उचला आणि पकड हळूहळू सैल करा. घसरणार असं वाटलं की तेवढीच जराशी घट्ट करा आणि धरून राहा. हे जमलं की कागदी कप, तो चेपता कामा नये. शेवटी भिजवलेलं विडीचं पान, डोळे मिटून. माझ्या मते खरं काम इथे होतं. मुंग्या आणि दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं, पण ताकद वाढेलच असं मी कुणाला सांगत नाही, कारण अभ्यासांचे निकाल त्याबाबत एकसारखे नाहीत.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल किंवा बधिरपणा दिवसरात्र जात नसेल तर व्यायामावर वेळ घालवू नका, डॉक्टरांकडून नसेची तपासणी करून घ्या. साखर आणि थायरॉइडही बघा. एकाएकी एक हात लुळा पडून तोंड वाकडं झालं तर ही नस नव्हे, तडक मोठा दवाखाना गाठा.

मुंग्यांनी रात्री जाग येत असेल तर झोपताना मनगटाला पट्टा बांधा. विकतच्या पट्ट्यातली धातूची पट्टी पुष्कळदा मागे वाकवलेली असते, ती काढून हातानं सरळ करा आणि मगच घाला.