स्की गॉगल घेताना रंग नंतर, आधी काचेवरचा आकडा बघा

गुलमर्गला पहिल्यांदा जाताना ठाण्यातूनच एकदम काळ्या काचेचा गॉगल घेऊन गेले होते, म्हटलं बर्फावर ऊन लखलखतं, जितकी काळी काच तितकं बरं. पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग उतरले आणि समोर नुसतं पांढरंफटक, सावलीच पडत नाही म्हटल्यावर उंचवटा कुठे, खड्डा कुठे काही कळेना, त्यात ती काळी काच, शेवटी एका ढिगावर अडकून गुडघ्यावर आपटलेच. म्हणून आता कोणी विचारलं की पहिलं सांगते, व्हीएलटी बघा.

व्हीएलटी म्हणजे काचेतून किती टक्के उजेड आत येतो तो आकडा. कडक उन्हाला 8 ते 18 टक्के, त्याला एस3 म्हणतात. ऊन-ढग असं मिक्स असेल तर 18 ते 43, म्हणजे एस2. ढगाळ हवा किंवा बर्फ पडत असेल तर 43 ते 80 वाली एस1, आणि ती पिवळी किंवा गुलाबी झाक असलेली घ्या, बर्फातले चढउतार त्यात जास्त उठून दिसतात. डोंगरात एका दिवसात हे तिन्ही प्रकार बघायला मिळतात, त्यामुळे एका महागड्या काचेपेक्षा बदलता येणाऱ्या दोन काचा असलेला गॉगल घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. मॅग्नेटवाला असेल तर ग्लोव्हज घालूनही काच बदलता येते. उजेडाप्रमाणे आपोआप गडद होणाऱ्या काचा पण मिळतात, पण थंडीत त्या परत फिक्या व्हायला वेळ लावतात.

यूव्हीच्या, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दर हजार मीटरला यूव्ही साधारण 10 टक्के वाढतं, ताजा बर्फ त्यातलं 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, आणि गुलमर्गचा गंडोला, म्हणजे तिथली केबल कार, तुम्हाला जवळजवळ 4,000 मीटरवर नेऊन सोडतो. काच काळी आहे म्हणजे यूव्ही अडतंच असं नाही, आणि ढगातूनही ते येतं, म्हणून फिक्या काचेवरही यूव्ही400, म्हणजे यूव्ही अडवणारी काच, असं लिहिलेलं हवंच. नाहीतर संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरतं आणि पाणी थांबत नाही.

आता वाफ. जुलैत पामबीच रोडवर बाइक चालवताना हेल्मेटची काच आतून कशी धूसर होते, अगदी तेच इथे होतं, आत गरम दमट हवा आणि बाहेर गार काच. म्हणून दुहेरी काच, म्हणजे एकावर एक दोन थरांची, आणि वर-खाली हवेची भोकं असलेलाच गॉगल घ्या. घामेजल्या कपाळावर तो चढवून ठेवू नका. आतून ओला झाला तर चोळू नका हं, आतलं कोटिंग निघून जातं, मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या.

चष्मा असेल तर ओटीजी, म्हणजे चष्म्यावरून घालता येणारा गॉगल मागा, आणि दुकानात चष्मा घालूनच ट्राय करा. हेल्मेटही सोबत न्या, कपाळावर दोघांच्या मधे फट राहिली तर तिथून वारा झोंबतो. स्पंज सगळीकडून टेकला पाहिजे, नाक दबता कामा नये.

दुसरी काच सॅकच्या तळाशी नको, जॅकेटच्या आतल्या खिशात कापडी पिशवीत ठेवा, आणि ढग येताना दिसले की गंडोलाच्या स्टेशनातच बदला, वर वाऱ्यात उभं राहून बदलायला गेलात तर आत बर्फाचा भुगा जातो आणि मग पुसत बसा.