पॅकेज मॅनेजर लिहिताय? आधी या चुका टाळा

लिनक्स फ्रॉम स्क्रॅचची (सोर्स कोडपासून स्वतः उभारायचं लिनक्स) सिस्टिम हाताने बांधून झाली की पंधरा दिवसांत एक प्रश्न येतोच. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची नवी आवृत्ती आली. जुनीच्या फायली कुठे कुठे पडल्यात? मेक इन्स्टॉल या कमांडने त्या टाकल्या खऱ्या, पण नोंद कुठेच नाही. मग आपण म्हणतो, पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम टाकणारं, बदलणारं आणि काढणारं साधन, दोनशे ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहू, त्यात काय एवढं! मीही तसंच म्हटलं होतं.

बहुतेकजण सुरुवात डिपेंडन्सीपासून (कुठल्या पॅकेजला आधी दुसरं कुठलं लागतं) करतात, कारण ग्राफ आणि टोपोलॉजिकल सॉर्ट लिहायला मजा येते. ती नंतरची गोष्ट. १९९३पासून चालत आलेल्या स्लॅकवेअर लिनक्सची मूळ पॅकेज टूल्स आजही डिपेंडन्सी सोडवत नाहीत, तरी लोकांचं काम अडत नाही. पण कुठली फाइल कोणाच्या नावावर आहे हेच ठाऊक नसेल, तर काढताना आणि बदलताना सगळाच घोळ. आधी सातबारा, मग बाकीचं. त्यासाठी डेटाबेसही लागत नाही. प्रत्येक पॅकेजमागे एक टेक्स्ट फाइल, ओळीला एक पाथ. डेबियनचा पॅकेज मॅनेजर डीपीकेजीसुद्धा याद्या अशाच ठेवतो.

यादी मिळवायची तर प्रीफिक्स (प्रोग्राम शेवटी जिथे राहणार तो पाथ) यूएसआरच राहू द्या आणि इन्स्टॉल करताना डेस्टडिरला (फायली तात्पुरत्या जिथे उतरवायच्या ती जागा) एक रिकामी डिरेक्टरी द्या; तिथे जे पडेल तीच यादी. काहीजण प्रीफिक्सच बदलतात. मग तो तात्पुरता पाथ बायनरीत कोरला जातो आणि प्रोग्राम आपल्या फायली टीएमपी या तात्पुरत्या डिरेक्टरीत शोधत बसतो. दुसरंच पॅकेज टाकताना ‘ही फाइल आधीच आहे’ अशी अडवणूक झाली, तर बहुधा ती इन्फो डिरेक्टरीतली ‘डिर’ नावाची फाइल असते. अनेक जीएनयू पॅकेजेस ती आपापली टाकतात. पॅक करतानाच उडवा.

टार आणि सिमलिंक

इथे मी तोंडावर आपटलो, म्हणून जरा सविस्तर. हल्लीच्या सिस्टिमवर रूटमधली (फाइलसिस्टिमच्या मुळाशी असलेली) लिब ही खरी डिरेक्टरी नसते, यूएसआरमधल्या लिबकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. माझ्या एका पॅकेजमध्ये मात्र लिब खरीखुरी डिरेक्टरी होती, आत दोन फायली. मी ते टारने (फायलींचा गठ्ठा बांधणारं-सोडणारं साधन) थेट रूटवर उलगडलं. जीएनयू टारचा ठरलेला स्वभाव असा, की डिरेक्टरीच्या नावाची सिमलिंक वाटेत आली तर ती काढून टाकायची आणि तिथे खरी डिरेक्टरी करायची. त्याने तेच केलं.

पुढच्या क्षणी फायलींची यादी दाखवणारं एलएस टाइप केलं तर उत्तर आलं, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. एलएस जागेवरच होतं. हरवला होता तो डायनॅमिक लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडणारा), कारण त्याची वाट त्या लिबमधून जात होती. सीपी (कॉपी), एमव्ही (हलवणं), एलएन (लिंक करणं), सगळ्यांचं तेच. अशा वेळी उघडी असलेली शेल चुकूनही बंद करू नका, आणि रिबूट तर नाहीच. लोडर यूएसआरमधल्या लिबमध्ये शाबूत असतो. त्याचा पूर्ण पाथ टाइप करा, लायब्ररी-पाथ म्हणून तीच डिरेक्टरी द्या आणि पुढे एमव्हीचा पाथ व त्याचे आर्ग्युमेंट लिहा. खोटी लिब अशी बाजूला सारली, मग त्याच पद्धतीने एलएन चालवून सिमलिंक परत केली. दोन ओळींचं काम, पण घाम फुटला.

उपाय टारमध्येच आहे: कीप-डिरेक्टरी-सिमलिंक हा पर्याय द्या. त्याहून बरं म्हणजे, ज्या पॅकेजच्या मुळाशी बिन, एसबिन किंवा लिब असेल ते पॅक करतानाच नाकारा.

अपग्रेडचा क्रम

जुनं काढून मग नवं टाकणं हा क्रम ग्लिबसीपर्यंत (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी लायब्ररी) चालतो. ती काढली की नवी टाकायला टारही सुरू होत नाही. आधी नवं टाका, मग जुन्या यादीत आहे पण नव्या यादीत नाही तेवढंच पुसा. रिकाम्या झालेल्या डिरेक्टऱ्या आरएमडिरने, आतून बाहेर. आरएम -आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) या स्क्रिप्टमध्ये दिसताच कामा नये. २०११ साली एनव्हिडिया ग्राफिक्ससाठीच्या बम्बलबीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये, याच कमांडीत, यूएसआरनंतर एक स्पेस जास्त पडली होती. लोकांचं अख्खं यूएसआर गेलं.

या वजाबाकीत एक खड्डा आहे. जुन्या यादीत लिबमधला पाथ आणि नव्यात यूएसआर-लिबमधला, तर स्क्रिप्टच्या लेखी त्या दोन फायली. डिस्कवर एकच. नुकतीच टाकलेली फाइल जुनी समजून पुसली जाते. तुलनेआधी दोन्ही याद्यांतल्या डिरेक्टऱ्यांचे खरे पाथ काढून घ्या.

लायब्ररीवर सीपीने थेट लिहू नका. चालू प्रोग्रामवर लिहायला कर्नल अडवतो, ‘टेक्स्ट फाइल बिझी’ म्हणतो. शेअर्ड लायब्ररीला ते संरक्षण नाही, आणि ती वापरणारे प्रोग्राम पटापट कोसळतात. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने लिहा आणि रीनेम करा. टीएमपीत लिहून हलवली तर फाइलसिस्टिम वेगळी निघू शकते, मग ते रीनेम राहत नाही, साधी कॉपी होते.

कॉन्फिग फायलींसाठी मूळ फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जपून ठेवा. वापरकर्त्याने ती बदललेली दिसली तर नवी शेजारी ठेवा, आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर पॅकमॅन ‘पॅकन्यू’ नावाने ठेवतो तशी. आवृत्त्यांची तुलना अक्षरांनी केली तर १.१० ही १.९च्या आधी येते. सॉर्टचा -व्ही पर्याय त्यासाठीच आहे.

चाचणी क्रूटमध्ये (वेगळ्या डिरेक्टरीला रूट मानून चालणारं वातावरण) घ्या, आणि इन्स्टॉल चालू असताना मुद्दाम किल -९ मारून, म्हणजे प्रोसेस तिथल्या तिथे संपवून, बघा. यादी फायली टाकण्याआधी लिहिलेली बरी. यादीत आहे पण डिस्कवर नाही, अशी फाइल काढताना फार तर इशारा येईल. उलट झालं तर ती बेवारस होते. अपग्रेडमध्ये काम संपेपर्यंत जुनी यादीही पुसू नका.