ट्राउटसाठी पाणी कसं निवडावं: मुक्काम संगमावर, दिवस दोन नद्यांचा

मुळशी, पवना, भाटघरच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची एक सवय असते. धरण ठरलेलं, खडक ठरलेला, कणकेचा गोळाही ठरलेला. मग मासा येईपर्यंत वाट बघायची. ट्राउटच्या मागे जाताना ही सवय घरी ठेवावी लागते. या माशाला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि डोंगरातलं असं पाणी सकाळी एक असतं तर दुपारी दुसरंच. हिमाचल आणि काश्मीरच्या फेऱ्यांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. एकच दिवस हातात असेल तर नदी शोधू नका, संगम शोधा. दोन वेगळ्या खोऱ्यांतली पाणी जिथे भेटतात तिथे मुक्काम ठेवला, की एक पाणी बिघडलं तरी दुसरं चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत ट्राउट नाही, कारण आपल्या नद्या उन्हाळ्यात तापतात किंवा आटतात. खरं तर हा मासा मूळचा भारतातलाच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला आणून वाढवली, आणि १९०९ मध्ये तो तिथून कुल्लूच्या खोऱ्यात पोहोचला. निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांत रेनबो ट्राउट सोडला गेला. महाराष्ट्रातून तो भाग जवळचा, पण तिथलं बरंचसं पाणी राखीव जंगलात आहे आणि परवानगीची खटपट मोठी. पहिल्या खेपेला हिमाचलच बरं.

आधी महिना ठरवा

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. तो त्याच्या विणीचा काळ. काश्मीरचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. हंगाम सुरू आहे म्हणजे पाणी चांगलं आहे, असं मात्र नाही. मेच्या मध्यापासून बर्फ जोरात वितळतो आणि मोठ्या नद्या राखाडी, दुधाळ होतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस. त्या दोन महिन्यांत हिमाचलच्या नदीकाठी जाऊच नका. २०२३ च्या जुलैच्या पुरात बियास नदीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. हिमाचलात उरतात ते मार्चअखेर ते मेची सुरुवात, आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरअखेर. मला विचाराल तर ऑक्टोबर. पाणी कमी आणि काचेसारखं नितळ असतं, आणि विणीआधी मासा खायला आसुसलेला असतो. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पहिला आठवडा गाठावा.

मग नकाशावर वरच्या अंगाला जा

घरी बसून करायच्या या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या. उपग्रह नकाशा उघडा, नदी धरा आणि बोटाने तिच्या वरच्या अंगाला सरकत जा. पाण्यात जे काही होतं त्याचं कारण वरच असतं. उगमाशी हिमनदी आहे का? असेल तर कडक उन्हाच्या दिवशी दुपारी पाणी गढूळ होऊन चढणार. देवदारांच्या दाट रानातून येणारा ओढा आहे का? मग तो उशिरापर्यंत स्वच्छ राहण्याची शक्यता जास्त. मध्ये मोठं गाव, दगडखाण, रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम दिसतं का? त्याच्या खालचं पाणी सोडून द्या.

आणि धरण. हे नीट बघा, कारण इथे प्रश्न माशाचा नाही, जिवाचा आहे. जलविद्युत प्रकल्पाच्या खालच्या अंगाला नदी दिवसभर रोडावलेली दिसते आणि दार उघडलं की काही मिनिटांत भरून वाहते. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणाच्या खाली कोरड्या पात्रातल्या दगडांवर उभं राहून गळ टाकायचा नाही. मासा दिसत असला तरी नाही.

या चाळणीतून काय उरतं ते सांगतो. संगमाच्या मुक्कामासाठी तीन जागा मला सर्वांत भरवशाच्या वाटतात.

पहिली गुशैणी, कुल्लू जिल्ह्यात. मंडीहून मनालीकडे जाताना औटचा बोगदा लागायच्या आधी बंजारचा रस्ता फुटतो. गुशैणीत तीर्थन आणि फलाचन भेटतात. तीर्थन ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येते, म्हणून तिचं वरचं खोरं अजून शाबूत आहे. (उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, हे लक्षात ठेवा.) या नदीवर येऊ घातलेले जलविद्युत प्रकल्प तिथल्या लोकांनी लढून अडवले, त्यामुळे ती आजही मोकळी वाहते. एका नदीसाठी खोऱ्यातली माणसं उभी राहिली, हे तिथल्या पुलावर थांबलो की मला दर वेळी आठवतं.

दुसरी बरोट, मंडी जिल्ह्यात, सुमारे १८०० मीटर उंचीवर. जोगिंदरनगर-मंडी रस्त्यावर घटासनीला वळायचं. इथे ऊहल आणि लंबाडग मिळतात. गावातच शानन वीज प्रकल्पाचा १९३० च्या दशकातला बांध आहे आणि ऊहलचं पाणी तिथून बोगद्याने वळवलं जातं. म्हणून बरोटमध्ये नियम सोपा: गळ बांधाच्या वरच्या अंगाला.

तिसरी काश्मीरमधलं पहलगाम. शेषनागकडून येणारी पूर्व लिद्दर आणि कोलाहोई हिमनदीकडून आरूमार्गे येणारी पश्चिम लिद्दर इथे एकत्र होतात. दोन्ही बर्फाच्या नद्या असल्या तरी त्या एकाच दिवशी सारख्याच गढूळ होतील असं नसतं. आणि दोन्ही बिघडल्याच तर अनंतनाग जिल्ह्यातल्या कोकरनागच्या बाजूचे झऱ्यांचे ओढे आहेत. झऱ्याचं पाणी जमिनीतून येतं, त्यामुळे त्याचं तापमान फारसं हलत नाही आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांतही ते नितळ असतं.

किन्नौर जिल्ह्यातली, सांगल्याची बस्पा नदी देखणी आहे यात शंका नाही. पण कुप्पाला धरण आहे, तेव्हा तिथे सांगल्याच्या वर, रकछमच्या दिशेने जावं. एका दिवसासाठी किन्नौरपर्यंतचा प्रवास मला जास्त वाटतो.

परवाना, आणि परवान्यासोबत चार प्रश्न

परवान्याशिवाय गळ टाकू नका. हिमाचलात तो मत्स्यविभाग देतो. पतलीकुहल, बरोट, सांगला इथे सरकारी ट्राउट फार्म आहेत, आणि परवान्याची चौकशी करायला याहून चांगली जागा नाही. काश्मीरमध्ये नदीचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात. तुमच्या नावावर त्या दिवसापुरतं एक बीट लिहिलं जातं, म्हणून तिथे आधी नोंदणी करावी लागते. किती मासे ठेवता येतील, किमान लांबी किती, कुठलं आमिष चालतं, हे परवान्यावर वाचा आणि नसेल तर विचारून घ्या. गांडूळ आपल्याकडे सर्रास चालतं, तिथे चालेलच असं नाही.

त्याच टेबलाशी आणखी चार प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात वर पाऊस झाला का? कुठल्या नाल्याला गाळ आहे? अलीकडे पिल्लं कुठे सोडली? धरणाचं पाणी कधी सोडतात? ही माणसं रोज नदी बघतात. एका मे महिन्यात मी दिवसभर दुधाळ मोठ्या नदीवर हात दुखेपर्यंत गळ फेकला आणि रिकामा परतलो. संध्याकाळी चहाच्या टपरीवरचे आजोबा एवढंच म्हणाले, "बेटा, ऊपर नाले में जाना था." दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यात, कमरेइतक्याही खोल नसलेल्या पाण्यात, तासाभरात तीन मासे लागले. तेव्हापासून मी आधी विचारतो, मग रॉड जोडतो.

संध्याकाळी फक्त बघा

पोहोचलात त्या दिवशी रॉड खोलीतच ठेवा आणि संगमावर जा. दोन पाण्यांच्या रंगातला फरक तिथे उघड दिसतो. काही अंतर ती एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. नितळ बाजू कुठली ते टिपून ठेवा. मग एखादा दगड निवडा आणि पाणी त्याच्यावर कुठपर्यंत आहे ते लक्षात ठेवा. सकाळी तोच दगड पुन्हा बघायचा. रात्रीत पाणी उतरलं असेल तर उत्तम. चढलं असेल, किंवा पाण्यातून काटक्या आणि पाला येऊ लागला असेल, तर वर पाऊस झालेला आहे. अशा वेळी काठापासून लांब राहा.

सकाळी दोन परीक्षा

पहिली थर्मामीटरची. साधा, दोरी बांधून पाण्यात सोडता येणारा पुरे. १० ते १६ अंश सेल्सिअस असेल तर ट्राउट मजेत खातो. ५-६ अंशांवर तो सुस्त असतो. मग घाई करू नका, पाण्यावर ऊन पडू द्या. २० च्या वर गेलं तर गळ आवरा, कारण तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडून दिला तरी बऱ्याचदा जगत नाही. दोन्ही नद्यांचं तापमान घ्या. एकाच संगमावरच्या दोन पाण्यांत किती फरक पडतो ते स्वतःच्या हाताने मोजल्याशिवाय पटत नाही.

दुसरी परीक्षा दगडाची, आणि माझा भरवसा हिच्यावर जास्त. उथळ खळाळातला तळहाताएवढा दगड उचला आणि उलटा करा. वाळूच्या कणांची बारीक नळी बांधून राहणाऱ्या कॅडिस या किड्याच्या अळ्या, चपट्या अंगाच्या आणि शेपटीला दोन-तीन धागे असलेल्या मेफ्लाय या किड्याच्या अळ्या दिसल्या, तर या पाण्यात ट्राउटचं ताट वाढलेलं आहे. चार-पाच दगड उलटून काहीच नाही, नुसता शेवाळाचा बुळबुळीत थर किंवा बारीक गाळ आहे, तर दुसऱ्या नदीकडे चालू लागा. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.

नदीत नेमकं कुठे

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला ताकद कमी खर्चायची असते आणि वाहून येणारा घास मात्र जवळून जायला हवा असतो. हे ध्यानात धरलं की जागा आपोआप दिसू लागतात: मोठ्या धोंड्यापुढची आणि मागची संथ जागा, जोराची धार आणि शांत पाणी यांच्यामधली रेघ, खळाळ डोहात उतरतो ते तोंड, काठाखालची कपार, पाण्यावर वाकलेलं झाड. डोहाचा मधला खोल भाग आपल्याला खुणावतो, पण खाणारा मासा बहुतेक वेळा डोहाच्या तोंडाशी किंवा शेपटीशी असतो. काठावरून खालून वर चढत जा, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीशी राहाल. सावली पाण्यावर पडू देऊ नका.

गळाला लागलेला प्रत्येक मासा ट्राउट नसतो. अंगावर काळे आणि लाल ठिपके, भोवती फिकट कडं, तो ब्राउन ट्राउट. कुशीला गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही बारीक काळे ठिपके, तो रेनबो. तोंड खालच्या बाजूला असलेला चंदेरी मासा म्हणजे असेला, कार्पच्या कुळातला. तो या नद्यांचा मूळ रहिवासी आहे आणि बाहेरून आलेल्या ट्राउटमुळे त्याच्यावर आधीच ताण आहे. तो लागला तर हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता सोडा.

तळ्यांबद्दल थोडं

हिमालयातली ट्राउटची नावाजलेली तळी एका दिवसाची नाहीत. उत्तराखंडातलं डोडीताल, काश्मीरमधली विशनसर, किशनसर, गंगाबल ही सगळी चढून गाठायची, तंबूत राहायची तळी आहेत. कधी गेलात तर ओढा जिथे तळ्यात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो, त्या दोन जागांवर पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा वेळ द्या. भर दुपारी मासा खोल जातो. पुन्हा तेच: दोन पाणी भेटतात तिथे बघायचं.

दुपारी बदला

सकाळी सातला ज्या नदीवर सुरुवात केली तिच्यावर दिवसभर अडकू नका. बर्फाचं पाणी डोंगरातून खाली पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे पाणी चढलेलं बहुधा दुपारनंतर जाणवतं. साडेअकराच्या सुमारास पुन्हा थर्मामीटर घाला, तो दगड बघा. पाणी दुधाळ झालं असेल तर जेवण उरकून दुसऱ्या नदीवर, शक्यतो जंगलातल्या नाल्यावर जा. चारनंतर परत संगमाकडे या. ऑक्टोबरात दरीतलं ऊन लवकर जातं, आणि ऊन गेल्यावरच्या अर्ध्या तासात पाण्यावर किडे उडू लागतात. तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर छोटी छोटी वर्तुळं उठताना दिसली, तर नवी जागा शोधू नका. त्याच वर्तुळांच्या हातभर वरच्या अंगाला गळ टाका आणि तो आपोआप वाहत खाली येऊ द्या.