तीन सर्व्हरवर डॉकर स्वॉर्म: पहिली सर्व्हिस चढवण्याआधी एमटीयू मोजा

तीन सर्व्हर, एक मध्यम अ‍ॅप आणि सांभाळायला एक-दोन माणसं एवढाच पसारा असेल, तर कुबरनेटिससारख्या मोठ्या कंटेनर-व्यवस्थापकाच्या मागे धावू नका. (कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सामानासह वेगळा चालवणारा डबा; डॉकर हे असे कंटेनर चालवणारं साधन.) 2016 सालच्या 1.12 आवृत्तीपासून डॉकरमध्येच स्वॉर्म मोड, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र जोडून चालवायची सोय, आहे आणि एवढ्या कामाला तो पुरतो. तिन्ही मशीनवर लिनक्स आहे आणि डॉकरची एकच आवृत्ती आहे, असं धरून पुढे जातो.

आधी फायरवॉल. 2377 टीसीपी, 7946 टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि 4789 यूडीपी हे पोर्ट तिन्ही सर्व्हरच्या खासगी आयपींपुरते उघडा. इंटरनेटकडून 4789 बंदच हवा, कारण त्यावर येणारं पॅकेट कुणी पाठवलं हे तिथे तपासलंच जात नाही. यूडीपीवाले पोर्ट हमखास राहून जातात. मग नोड (स्वॉर्ममधला सर्व्हर) यादीत 'रेडी' दिसतो, पण दुसऱ्या सर्व्हरवरच्या कंटेनरशी बोलणं होत नाही.

पहिल्या सर्व्हरवर 'डॉकर स्वॉर्म इनिट' चालवा आणि अ‍ॅडव्हर्टाइज अ‍ॅड्रेसमध्ये खासगी आयपी द्या. मॅनेजरचं टोकन (जोडणीची किल्ली) मागून घेऊन उरलेले दोघेही मॅनेजर, म्हणजे स्वॉर्मचे निर्णय घेणारे सर्व्हर, म्हणून जोडा. दोनच मॅनेजर ठेवण्यात काही अर्थ नाही. निर्णयाला बहुमत लागतं, त्यामुळे दोघांतला एक पडला की कारभार ठप्प होतो. तिघांतला एक पडला तर चालतं.

आता इथे थांबा. पुढचा टप्पा एमटीयूचा, म्हणजे नेटवर्कवरून एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट जातात त्या मर्यादेचा. या टप्प्याने मला फार छळलं आहे. लक्षणं अशी असतात: पिंग चालतो, लहान उत्तरं येतात, पण मोठा जेसन डेटा मागितला की विनंती लटकते. डेटाबेसमधून पाच ओळी येतात, पाचशे येत नाहीत. लॉगमध्ये एरर नाही. दोन्ही कंटेनर एकाच सर्व्हरवर असतील तर सगळं सुरळीत. म्हणूनच 'डॉकर रीस्टार्ट करा' हा सल्ला अधूनमधून लागू पडल्यासारखा वाटतो. रीस्टार्टनंतर कंटेनर योगायोगाने शेजारी येऊन बसलेले असतात, इतकंच.

वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या कंटेनरना जोडणारं डॉकरचं ओव्हरले नेटवर्क प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून पाठवतं, आणि त्या गुंडाळण्याचे 50 बाइट लागतात. खालचं नेटवर्क 1500 चं आहे असं गृहीत धरून डॉकर ओव्हरलेला 1450 देतो. पण गूगल क्लाउडच्या नेटवर्कचा डीफॉल्ट एमटीयू 1460 आहे, वायरगार्ड या व्हीपीएनचा 1420. तिथे मोठी पॅकेट वाटेतच गळतात.

अंदाज करू नका, मोजा. एका सर्व्हरवरून दुसऱ्याच्या खासगी आयपीला, पॅकेट तुकडे न करण्याच्या पर्यायासह, 1472 बाइटचा पिंग द्या. उत्तर आलं तर खालचा एमटीयू किमान 1500 आहे, कारण हेडरचे 28 बाइट वेगळे. नाही आलं तर आकडा कमी करत जा. चालणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्यात 28 मिळवा आणि 50 वजा करा, म्हणजे ओव्हरलेचा एमटीयू मिळेल. 1460 असेल तर 1410, 1420 असेल तर 1370.

डॉकरच्या डीमनच्या (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या जेसन फाइलमध्ये 'एमटीयू' लिहा, असं सगळीकडे सांगतात. त्याने फक्त डीफॉल्ट ब्रिज (एकाच सर्व्हरच्या आतलं नेटवर्क) बदलतो, ओव्हरलेला काहीही होत नाही! ओव्हरलेचा एमटीयू नेटवर्क तयार करतानाच ड्रायव्हरच्या पर्यायात द्यावा लागतो. आधीचं नेटवर्क दुरुस्त होत नाही, पाडून नव्याने बांधावं लागतं. स्वॉर्मने आपणहून बनवलेलं, बाहेरून येणारी वाहतूक आत नेणारं 'इनग्रेस' नेटवर्कही त्यातच आलं, आणि पोर्ट उघडलेली एकही सर्व्हिस (स्वॉर्म चालवत असलेला कंटेनरांचा गट) चालू असेल तर ते काढता येत नाही. म्हणून हे काम आत्ताच उरका. मग दोन वेगळ्या सर्व्हरवर एकेक कंटेनर उभा करून दहा एमबीची फाइल इकडून तिकडे ओढून बघा.

पुढे स्टॅक फाइल (सगळ्या सर्व्हिस एकत्र मांडणारी फाइल) लिहा आणि डिप्लॉय करा. डेटाबेस मात्र लेबल लावून एकाच नोडला बांधा. कंटेनर दुसरीकडे हलला तरी लोकल व्हॉल्यूम (त्या सर्व्हरच्या डिस्कवर साठवलेला डेटा) त्याच्यासोबत जात नाही.

शेवटी एक सर्व्हर मुद्दाम बंद करून सर्व्हिस दुसरीकडे उभ्या राहतात का ते बघा. तो परत आल्यावर कंटेनर आपोआप त्याच्याकडे येत नाहीत, त्यासाठी 'सर्व्हिस अपडेट'ला 'फोर्स' जोडून चालवावं लागतं.