मंक पॅराकीट पाळण्यापूर्वी आणि पाळताना

अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि दक्षिण ब्राझील हे मूळ घर असलेला मंक पॅराकीट हा पोपट सुमारे २९ सेंटिमीटर लांबीचा आणि १०० ते १३० ग्रॅम वजनाचा असतो. त्याचे अंग हिरवे असून कपाळ, गाल आणि छाती राखाडी असते. पक्षीविक्रेते त्याला क्वेकर असेही म्हणतात. जगातील बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत अंडी घालतात, हा मात्र काटक्या एकमेकींत गुंफून स्वतःचे घरटे बांधतो. अनेक जोड्या आपापल्या खोल्या एकमेकींना लागून बांधतात आणि ही वसाहत वर्षानुवर्षे वाढत जाते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ग्रीनवुड दफनभूमीच्या प्रवेशद्वाराच्या मनोऱ्यांत या पक्ष्यांच्या अशाच वसाहती आहेत, आणि तेथील कडाक्याची थंडी ते या घरट्यांच्या आधाराने काढतात. हा पक्षी बांधकाम करणारा आणि सोबतीने राहणारा आहे, हे लक्षात घेतले की त्याच्या संगोपनातील बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो.

आपला कीर पोपट घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. मंक पॅराकीट परदेशी जातीचा असल्याने पाळता येतो, पण त्यावर काही बंधने आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते, त्यामुळे पावती आणि कागदपत्रे न देणाऱ्या विक्रेत्याकडून पक्षी घेऊ नये. हाताने भरवावे लागणारे पिल्लूही घेऊ नये. असे पिल्लू माणसाला जास्त लळा लावते, असे सांगून ते विकले जाते, पण भरवताना अन्न श्वासनलिकेत गेल्यास किंवा जास्त गरम अन्नाने गळ्याखालची अन्न साठवणारी पिशवी भाजल्यास ते दगावते. स्वतः दाणे खाऊ लागलेले पिल्लूही माणसाळते, त्यासाठी फक्त थोडा धीर लागतो.

एका पक्ष्यासाठी पिंजरा किमान ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच असावा, आणि गजांमधील अंतर दीड सेंटिमीटरच्या आसपास असावे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी टाळावी, कारण हा पक्षी गज सतत चावतो आणि जस्त पोटात गेल्यास विषबाधा होते. बसण्यासाठी एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुनिंबाच्या, कीटकनाशक न फवारलेल्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावल्यास पायांना फोड येत नाहीत. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, म्हणजे पक्ष्याला पाठीशी आडोसा मिळतो. पिंजरा स्वयंपाकघरात मात्र कधीही ठेवू नये. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांचा धूरही त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही.

नवे पालक सर्वांत जास्त गोंधळतात ते पिंजऱ्यात हात घातल्यावर. बाहेर खांद्यावर निवांत बसणारा पक्षी आत हात जाताच मान ताठ करून चावायला धावतो, आणि मग तो रागीट आहे असा समज करून घेतला जातो. वास्तविक तो आपल्या खोलीची राखण करत असतो. म्हणून दाणे बदलणे आणि साफसफाई ही कामे तो बाहेर असताना करावीत आणि बोटावर बसण्याचा सराव पिंजऱ्यापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत द्यावा. त्याला स्वच्छ काटक्या द्याव्यात. तो त्या गजांमध्ये तासन्‌तास गुंफत बसतो, आणि माझ्या मते बाजारातील कोणत्याही खेळण्यापेक्षा हे काम त्याला अधिक मानवते. मात्र विणकाम वाढून तो फारच आक्रमक झाला, तर काही दिवस काटक्या काढून घ्याव्यात. कापडी झोपडी किंवा घरट्याची पेटी देऊ नये, कारण त्यामुळे वीण करण्याची ओढ वाढते, शिवाय कापडाचे धागे त्याच्या पोटात जातात.

आहारात खरा धोका चरबीचा आहे. मंक पॅराकीट चटकन लठ्ठ होतो आणि त्याच्या यकृतात चरबी साठते, त्यामुळे सूर्यफुलाच्या बियांनी भरलेली वाटी रोज देणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. रोजच्या खाण्यात मोठा भाग पक्ष्यांच्या चांगल्या पेलेटचा, म्हणजे तयार दाणेदार खाद्याचा असावा. त्यासोबत मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा आणि मोड आलेले मूग द्यावेत. हिरवी मिरचीही तो आवडीने खातो, कारण पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही. फळे थोडी आणि सूर्यफुलाच्या बिया केवळ शिकवतानाचे बक्षीस म्हणून द्याव्यात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा आणि खारट पदार्थ पूर्ण वर्ज्य करावेत. पावसाळ्यात शेंगदाण्यांवर धरणारी बुरशी विषारी असते, त्यामुळे त्या दिवसांत ते न दिलेलेच बरे. ओले खाणे दोन-तीन तासांत उचलून घ्यावे.

रोज काही तास त्याला बाहेर सोडावे, पण त्याआधी छताचा पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या आहेत याची स्वतः खात्री करावी. हा पक्षी शब्द छान शिकतो, मात्र सकाळ-संध्याकाळ तो मोठ्याने ओरडतो, हे शेजाऱ्यांचा विचार करून आधीच समजून घ्यावे. रात्री त्याला १० ते १२ तास शांत अंधार लागतो.

पक्षी आजार लपवतात. रोज सकाळी खाण्यापूर्वी ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहावे. ते दहा टक्क्यांनी घटले, किंवा पक्षी पिसे फुलवून तळाशी बसू लागला, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जावे. असा डॉक्टर पक्षी आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. घरात आधीचा पक्षी असल्यास नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. पोपटांपासून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, म्हणून घरातील कोणाला ताप आणि खोकला आल्यास घरात पोपट असल्याचे आपल्या डॉक्टरांना सांगावे.

चांगली निगा राखल्यास हा पक्षी २० वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. पुढे त्याला सांभाळणे जमले नाही, तरी त्याला उडवून देऊ नये. बार्सिलोना आणि माद्रिद येथे पिंजऱ्यातून सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या अशाच पक्ष्यांच्या रानटी वसाहती झाल्या आहेत. पक्षी दुसऱ्या घरी द्यावा, हस्तांतराची नोंद पोर्टलवर करावी, आणि वजनाची वही व त्याची आवडती काटकी दोन्ही त्याच्यासोबत पाठवावी.